जोखमीची उतरंड

आपल्या शहरी मराठीत सध्या सगळ्यात भाव खाणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून ‘सिक्युरिटी’ असं सांगेन. घर भाड्याने घ्यायचंय? सिक्युरिटी डिपॉझिट ठेवा. विमान पकडायचंय? सिक्युरिटीसाठी कमरेचा पट्टा सोडा. कर्ज मागायला गेलात, तर ‘सिक्युरिटी काय देणार?’ म्हणून मॅनेजर चष्म्यावरून बघतो. मुलीसाठी स्थळ बघताना मुलाला जॉब सिक्युरिटी आहे का, याची चौकशी पत्रिकेआधी होते. पुढाऱ्याला सिक्युरिटी, नटाला सिक्युरिटी, नटाच्या मुलाच्या वाढदिवसालाही सिक्युरिटी. आणि सोसायटीच्या गेटवर जो माणूस उभा असतो, त्याला तर आईबापांनी ठेवलेलं नावच उरलेलं नाही. तो नुसताच ‘ए सिक्युरिटी!’

एवढी सिक्युरिटी असताना आपण सुरक्षित का नाही? मला उत्तर एकच दिसतं. आपल्याकडे सिक्युरिटीच्या नावाखाली धोका कमी होत नाही, तो फक्त हलवला जातो. वरच्याने आपल्या डोक्यावरचा उचलायचा आणि खालच्याच्या डोक्यावर ठेवायचा. मडक्यांच्या उतरंडीत सगळा भार तळाच्या रांजणावर येतो, तशी ही जोखमीची उतरंड आहे. वरची मडकी आपसांत म्हणतात, काय सुरक्षित वाटतं नाही इथे!

गेटपासूनच सुरुवात करू. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालचे आदर्श नियम वाचले की आपल्या दारात कमांडो उभा असल्यासारखं वाटतं. पुरुष रक्षकाची उंची किमान १६० सेंटिमीटर हवी, छाती फुगवल्यावर चार सेंटिमीटरने वाढायला हवी, एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता यायला हवं. वर १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर असं प्रशिक्षण. आता खाली जाऊन तुमच्या गेटवरच्या काकांकडे बघा. सहा मिनिटांत किलोमीटर सोडा, त्यांना दुसऱ्या मजल्यावर चढायचं तरी कठड्याला धरावं लागतं. यात काकांचा काहीही दोष नाही. कारखाना बंद पडला, गावची शेती पोटापुरतं देईना आणि पंचावन्नाव्या वर्षी दुसरं कुणी दारात उभं करेना, म्हणून ते आपल्या दारात उभे आहेत. सोमवारी एजन्सीच्या ऑफिसात गेले, मंगळवारी दुसऱ्या कुणाच्या मापाचा शर्ट अंगात चढवून पॉइंटवर लागले. मग ते १६० तासांचं प्रशिक्षण झालं कुठे? कागदावर. कागदाची छाती हवी तेवढी फुगते.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सिक्युरिटीचा विषय कसा निघतो, ते मी बघत आलो आहे. तीन एजन्सींची कोटेशनं येतात. माणूस किती तास उभा राहणार, आजारी पडला तर रिलीव्हर कोण, त्याचा पीएफ खरोखर भरला जातो का, असलं काही कुणी विचारत नाही. प्रश्न एकच: ‘लोएस्ट कोण?’ गेल्या सभेत मी म्हटलं, बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या लावू या. खजिनदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी क्लब हाउस विकायला काढलंय. म्हणाले, ‘अहो, त्यांनाच बारा तास हवे असतात. पैसे जास्त मिळतात ना!’ आठ तासांच्या पगारात घर चालत नाही म्हणून बारा तास हवे असतात, हे त्यापुढचं वाक्य सभेत कुणाच्याही तोंडून आलं नाही. जादा तासांना दुप्पट मजुरी हा कायद्यातला दर आहे. तो द्यायची वेळ आली तर बारा तासांची हौस खजिनदारांनाच उरणार नाही. इतिवृत्तात नोंद झाली: ‘सिक्युरिटीबाबत सविस्तर चर्चा. लोएस्ट कोटेशन मंजूर.’ त्याच सभेत लॉबीतल्या इटालियन मार्बलला पॉलिश करायचा खर्च पानसुपारी वाटावी तसा मंजूर झाला.

त्या माणसाची केबिन कधी आत डोकावून पाहिली आहे? फायबरची पेटी ती, मे महिन्यात भट्टी होते. एका हाताची प्लॅस्टिकची खुर्ची, दुसरा हात तुटलेला. खिळ्याला अडकवलेली डब्याची पिशवी. पाहुण्यांच्या नोंदीसाठी सोसायटीने दिलेला टॅब चार्जिंगला लावलेला, आणि तो तापून बंद पडू नये म्हणून केबिनमधला एकुलता एक छोटा पंखा त्याच्याकडे वळवलेला. काका घाम पुसत बाहेर. संडास पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर जायचं तर गेट सोडावं लागतं, आणि गेट सोडलं की ‘पॉइंटवर गैरहजर’ म्हणून पगारातून कापतात. पहाटे तीनला डोळा लागला तर सकाळी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. खाली लालबुंद चेहऱ्यांची रांग. हे चेहरे टाकणारे सद्गृहस्थ दुपारच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून काय करतात, ते त्यांच्या घरच्यांना विचारा. आणि या सगळ्या जागरणाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे काकांच्या रात्रीवर एजन्सी कमावते, सरकार कमावतं आणि आपण पैसे वाचवतो. झोप तेवढी काकांची जाते.

महाराष्ट्राला हे कळत नव्हतं असं समजू नका. १९६९ साली या राज्याने माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांचा लढा होता. हमालाचा मालक रोज बदलतो, तेव्हा त्याची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस यांची हमी कायद्याने नेमलेल्या मंडळाने घ्यावी, इतकी सरळ कल्पना. त्याच धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. मंडळ स्थापन झालं, रक्षकाची नोंदणी मंडळात, मालकाने पगार आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची. कायदा उत्तमच. फक्त त्यात २३ वं कलम आहे. एजन्सीच्या रक्षकांना मिळणारे लाभ ‘एकंदरीत’ मंडळापेक्षा कमी नसतील, तर सरकार सूट देऊ शकतं. दार लावून घेतलं आणि खिडकी सताड उघडी ठेवली. ‘एकंदरीत’ या शब्दात किती हत्ती मावतात, हे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणत्याही कामगार नेत्याला विचारा.

बरं, हा माणूस राखतो तरी काय? पार्सल घेऊन आलेल्या पोराला तो पावसात उभं करतो. नाव, नंबर, गाडीचा नंबर, फोटो. वरच्या फ्लॅटमधून कुणी तरी मोबाइलवर परवानगीचं बटण दाबेपर्यंत पोराच्या रेटिंगचं घड्याळ चालूच. मग त्याला सर्व्हिस लिफ्टकडे पिटाळायचं, कारण मेन लिफ्टमध्ये त्याच्या ओल्या बुटांनी आपली प्रतिष्ठा भिजते. कामवाल्या मावशी घरी निघाल्या की त्यांची पिशवी उघडून बघायची. आत डब्यात उरलेली भाजी निघाली, तर ‘थांबा, मॅडमना विचारतो’ म्हणत फोन लावायचा आणि मावशींनी मान खाली घालून चार माणसांदेखत उभं राहायचं. बाविसाव्या मजल्यावरच्या साहेबांची ब्रीफकेस मात्र आजवर कुणी उघडलेली नाही. त्यांच्या गाडीसाठी दांडा आधीच वर जातो, सॅल्यूटसकट. ही चोर पकडण्याची व्यवस्था म्हणावी, तर ती संशय नेमका पगाराच्या उलट्या प्रमाणात वाटते. आणि ही झडती घ्यायला उभा कोण, तर मावशींच्याच वस्तीत भाड्याने राहणारा माणूस. आपले हात स्वच्छ.

खरा धोका गेटमधून रजिस्टरवर सही करून येत नाही, तो आधीच बिल्डिंगमध्ये राहायला असतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायचं असतं. तुमच्या सोसायटीचा जुलैचा फॉर्म बी तुम्ही पाहिलाय? जिन्यात जा. होज रीलच्या खोक्यात झाडू. फायर डक्टमध्ये गेल्या गणपतीचं मखर. आणीबाणीच्या दारापाशी चपलांचं कपाट, त्यावर तुळस. पण गेटवर नवा कॅमेरा, चेहरा ओळखणारा!

मुंबईत कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर १४ माणसं आगीत गेली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. यांतल्या कुणालाही चोराने किंवा अतिरेक्याने मारलं नव्हतं. त्यांचा जीव वाचवणारी सिक्युरिटी म्हणजे धड वायरिंग, मोकळा जिना, आत पहारा देणारा जागा माणूस आणि चालणारा पंप. अशा सिक्युरिटीला गणवेश नसतो आणि ती फोटोत दिसत नाही, म्हणून तिचं बजेट सभेत पडतं.

रेल्वेचं उदाहरण तर सोन्यात मढवून ठेवावं असं. रेल्वे सुरक्षा दलाचा कायदा १९५७ चा. सुरक्षा कोणाची? रेल्वेच्या मालमत्तेची! प्रवासी आणि प्रवाशांचा वावर असलेली जागा हे शब्द त्या कायद्याच्या हेतूत आले ते २००३ च्या दुरुस्तीने. म्हणजे सेहेचाळीस वर्षं कायद्याच्या लेखी या दलाची जबाबदारी रुळांची, वाघिणींची, सामानाची होती, प्रवाशाची नव्हे. आजही स्टेशनात दाराच्या चौकटीसारखा मेटल डिटेक्टर उभा असतो. एक तर तो बंद असतो, नाही तर प्रत्येकाला पीं करतो आणि कुणालाच अडवत नाही. तो ओलांडून पलीकडे गेलं की आपण सुरक्षित! मग २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसं धावत्या लोकलमधून खाली पडली आणि जिवाला मुकली. पूल रुंद हवा, गाड्या जास्त हव्यात, हे प्रवासी घसा फोडून सांगत होते. त्या मागण्या ‘सिक्युरिटी’च्या खात्यात बसत नाहीत. त्या ‘सुविधा’ ठरतात, आणि सुविधा यथावकाश मिळतात.

आणि खरोखरचा अतिरेकी आला तेव्हा काय झालं? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीत बसून माइकवरून प्रवाशांना सांगत राहिले: इकडे येऊ नका, एक नंबर प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडा. त्यांच्या खोलीवरही गोळ्या झाडल्या गेल्या. आपलं स्टेशन पाठ असलेल्या आणि जागा न सोडणाऱ्या एका कर्मचाऱ्याने किती जीव वाचवले, त्याची मोजदाद होणं शक्य नाही. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस दलातल्या तुकाराम ओंबळ्यांनी अतिरेकी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. ओंबळ्यांपाशी फक्त लाठी होती. त्यांना आपण अशोक चक्र दिलं, ते योग्यच. पण लाठी देऊन एके-४७ समोर उभं करण्याला व्यवस्था म्हणत नाहीत. वरचे चुकले आणि किंमत खालच्याने प्राणांनी भरली, हीच ती उतरंड.

वरच्यांची सिक्युरिटी बघायची तर ताफा बघा. एक्स, वाय, वाय प्लस, झेड, झेड प्लस. शाळेत आम्हाला गणिताच्या पेपरात या अक्षरांची एवढी भीती वाटत नव्हती, जेवढी आता रस्त्यात वाटते. १ मे २०१७ पासून गाड्यांवरचे लाल दिवे गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दिवा गेला, मग रुबाब दाखवायचा कशाने? बंदूकधारी माणसाने! आता तालुक्याच्या पुढाऱ्यालाही ‘जिवाला धोका’ हवा असतो. धोका मंजूर झाला की पेढे वाटतात, धोका काढून घेतला की पत्रकार परिषद घेऊन ‘हे सुडाचं राजकारण’ म्हणून गळा काढतात. आपल्या जिवाला धोका नाही, हे कळल्यावर दुःख होणारी जमात जगात दुसरीकडे कुठे असेल, असं मला वाटत नाही. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून एसपीजी या विशेष संरक्षण दलाचं कवच पंतप्रधान व त्यांच्यासोबत राहणाऱ्या जवळच्या कुटुंबापुरतं आणि माजी पंतप्रधानांना ठरावीक काळापुरतं ठेवलं गेलं. मग गल्लीतल्या दादाच्या मागे चालणाऱ्या पोलिसाचा हिशेब कोण विचारणार? तो शिपाई दिवसभर साहेबांच्या गाडीचं दार उघडतो, आणि त्याच्या पोलीस ठाण्यात एखादी बाई तक्रार घेऊन बसलेली असते. तिला सांगतात, स्टाफ कमी आहे.

पैशांच्या सिक्युरिटीचं वेगळं काय? १९९२ चा हर्षद मेहताचा घोटाळा हा नावानेच ‘सिक्युरिटीज’चा घोटाळा होता, सरकारी रोख्यांच्या व्यवहारातला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला आधी स्वतःच्या खात्यातून काढता येणार होते फक्त १,००० रुपये, तेही सहा महिन्यांत. बँकेने एका बिल्डर समूहाची थकलेली कर्जं लपवायला २१,००० हून जास्त बनावट खाती रचली होती. तुम्ही-आम्ही पत्त्याचा पुरावा शिळा झाला म्हणून बँकेत हेलपाटे मारतो, आणि इथे एकवीस हजार माणसं बिनचेहऱ्याची दाखल झाली! ठेवींवरचा विमा तेव्हा एक लाखाचा होता, १९९३ पासून तेवढाच. बोंब झाली तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाच लाख झाला. कर्ज घेणाऱ्याने सिक्युरिटी दिली की नाही ते कुणी पाहिलं नाही. ती शेवटी निवृत्त शिक्षकाच्या ठेवीने दिली.

सरकारला सिक्युरिटीची काळजी वाटू लागली की सामान्य माणसाने आणखी सावध व्हावं. १९७१ चा ‘मिसा’ हा अंतर्गत सुरक्षेचाच कायदा होता. आणीबाणीत त्याखाली विरोधक तुरुंगात टाकले गेले. महाराष्ट्रात त्या मिसाबंदींना मानधन सुरू झालं २०१८ मध्ये, देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना. आणि ते मुख्यमंत्री असतानाच जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या ‘किंवा तत्सम’ संघटनांविरुद्ध, असं त्यात लिहिलं आहे. १९८१ च्या कायद्यातल्या ‘एकंदरीत’चा हा धाकटा भाऊ ‘तत्सम’. त्यात कोण बसतं आणि कोण नाही, हे सत्तेवर असणारा ठरवणार. आज ठरवणाऱ्यावर तुमचा विश्वास असेलही. कायदा त्यांच्यासोबत निवृत्त होत नाही.

आणि आता उतरंडीचा तळ: सामाजिक सुरक्षा. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये. साठी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्याच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, ऐंशीनंतर ५००. दोनशे रुपयांत काय सुरक्षित राहतं? छत्री येत नाही. इतर सगळ्या सिक्युरिट्यांना बजेट पुरतं, इथे आलं की तिजोरीवरचा भार आठवतो. गेटवरच्या काकांना साठीनंतरही बारा तास उभं राहावं लागतं, त्याचं कारण या आकड्यांत आहे. म्हातारपणाची हमी नाही म्हणून स्वस्त पहारेकरी मिळतो, आणि पहारेकरी स्वस्त मिळतो म्हणून त्याच्या म्हातारपणाची हमी कुणाला द्यावीशी वाटत नाही. यात कटबिट काही नाही. आपल्या सगळ्यांची सोय आहे.

‘एवढा पैसा आणायचा कुठून?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा हिशेबच करू. समजा शंभर फ्लॅट, एक गेट. दोनाऐवजी तीन पाळ्या लावायच्या म्हणजे एक माणूस वाढला. त्याचा सगळ्या देण्यांसकट खर्च महिना पंचवीस हजार धरला, तर फ्लॅटमागे अडीचशे रुपये. म्हणजे शनिवारी रात्री मागवलेल्या एका पार्सलपेक्षा कमी. तेवढ्यात जागा असलेला, पाठ न मोडलेला, फायर पंप कुठे आहे ते माहीत असलेला माणूस दारात मिळतो. एवढंही परवडत नसेल, तर निदान आम्हाला सिक्युरिटी हवी असं म्हणू नका. आम्हाला गणवेशातला नोकर हवा, असं खरं सांगा.

पुढच्या वार्षिक सभेत नव्या कॅमेऱ्यांचं कोटेशन येणार, हे मला आत्ताच माहीत आहे. मी तीन कागद मागणार आहे: जुलैचा फॉर्म बी, गेटवरच्या प्रत्येक माणसाचं पीएफचं चलान आणि आठ तासांच्या पाळ्यांचं वेळापत्रक. ते टेबलावर येईपर्यंत कॅमेऱ्याच्या बाजूने माझा हात वर जाणार नाही. आणि ज्यांना हा माझा आडमुठेपणा वाटतो, त्यांनी मे महिन्यातली एक दुपार त्या केबिनमध्ये काढून दाखवावी. पंखा टॅबकडून त्यांच्याकडे वळवायची परवानगी मी कमिटीकडून लेखी मिळवून देईन.